गुंडूच्या डोक्याचा एक तास

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खालच्या मजल्याचं सगळं दिसतं, आणि जे दिसलं ते सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. हा निसर्गनियमच असल्यामुळे मंजुनाथ अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी ते गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत होते. खाली अंगणात रघुनंदनने आपल्या पाच महिन्यांच्या मुलाला कोवळ्या उन्हात चटईवर पालथं घातलं होतं. अण्णांनी खाली पाहिलं, तांब्या कठड्यावर ठेवला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि बसवनगुडीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा कानडीत विचारलं की, मुलाच्या डोक्याची उजवी बाजू कुठे गेली?

रघुनंदनने आधी चटईच्या आजूबाजूला पाहिलं. मग मुलाला उचलून समोरून पाहिलं. समोरून सगळं जागच्या जागी होतं. पण मुलाला परत खाली ठेवून तो खुर्चीवर चढला आणि वरून पाहिलं, तेव्हा अण्णांचं म्हणणं खरं निघालं. डोकं मागच्या बाजूने उजवीकडे चक्क सपाट होतं, परातीच्या कडेला दाबून ठेवलेल्या कणकेसारखं.

त्याला झालेलं दुःख दुहेरी होतं. एक तर बापाचं. दुसरं नोकरीतलं. कोरमंगलातल्या ज्या कंपनीत तो काम करायचा, तिथे त्याचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका शोधायचं होतं. पडद्यावरचं एखादं बटण केसभर डावीकडे सरकलं तरी रघुनंदन ते परत पाठवत असे, आणि बनवणारे हात जोडत. अशा माणसाच्या घरात पाच महिने एक डोकं तिरकं होत गेलं आणि ते शेवटी तुळशीला पाणी घालणाऱ्याने दाखवून दिलं. त्यातून मुलाचं लाडाचं नाव गुंडू. कानडीत गुंडू म्हणजे वाटोळा गोळा, हे बंगळुरात तीनशे वर्षं राहिलेल्या मराठी घराला काय आणि गल्लीला काय, समजावून सांगायला नको होतं. गल्लीने ते दोन दिवस पुरवून पुरवून वापरलं.

घरात मात्र कुणी हसलं नाही. रघुनंदनच्या आईने, वसुमतीबाईंनी, मुलाला मांडीवर घेतलं, डोक्यावरून एकदाच अंगठा फिरवला आणि त्या गप्प झाल्या. वसुमतीबाई गप्प होणं ही त्या घरात वीज जाण्यापेक्षा मोठी घटना. या बाईंनी आपल्या हयातीत सतरा डोकी घडवली होती. स्वतःची दोन, मुलीची दोन, बाकीची जावांची, नणंदांची, शेजारपाजारची. न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, कोमट तेल लावून कपाळापासून मागे हात ओढत न्यायचा. सव्वा महिन्यात डोकं नारळासारखं. बसवनगुडीत रस्त्याने जाताना त्या एखाद्या टक्कल पडलेल्या गृहस्थाकडे बोट दाखवून म्हणत, हे माझं काम. ते गृहस्थ बँकेत मॅनेजर का असेनात.

अठराव्या डोक्यासाठी त्यांनी गुंडूच्या जन्माआधीच मोहरीची उशी शिवून ठेवली होती. पण सून आश्लेषा पुण्याची, वाचणारी, आणि मुलांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की बाळाला उताणं झोपवा आणि उशी अजिबात नको. त्यामुळे उशी कपाटात गेली. आता डोकं सपाट निघाल्यावर वसुमतीबाईंनी ती काढली आणि दिवाणखान्यातल्या स्टुलावर ठेवली. येणारा-जाणारा विचारायचा, ही एवढीशी उशी कुणाची? मग आश्लेषा उठून आत जायची. दोघींचंही बरोबर होतं, हीच खरी अडचण. दोघींपैकी एक जरी चुकली असती तरी रघुनंदनला बाजू घेणं सोपं गेलं असतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मंजुनाथ अण्णांच्या तुमकूरच्या मावसभावाचं डोकं असंच होतं आणि तो पुढे न्यायाधीश झाला, तेव्हा काहीही करू नका, असं त्यांचं मत पडलं. मग हे सगळ्या गल्लीला का ऐकवलंत, असं विचारायचं रघुनंदनच्या ओठांवर आलं होतं. समोरच्या बाईंनी रोज दुसऱ्या कुशीवर झोपवून पाठीला वरवंटा लावायला सांगितला. गुंडूला सांभाळायला आनेकलहून रोज बसने येणाऱ्या भागुबाईने सांगितलं की त्यांच्याकडे सगळ्यांची डोकी मागून सपाटच असतात आणि आजवर कुणाचं लग्न त्यापायी राहिलेलं नाही.

डॉक्टरांनी मात्र हेल्मेट सांगितलं. मेंदूला काही धोका नाही, मूल खणखणीत आहे, पण सपाटपणा चांगलाच आहे आणि नुसतं कूस बदलून आता भागणार नाही. डोक्याचं हाड वर्षाच्या आत ऐकतं, पुढे ऐकेनासं होतं. तेव्हा आत्ताच काय ते करा, चार महिने मिळतील. रघुनंदनने त्या क्षणापासून मनात एक दिवस ठरवून टाकला. गुंडूला दहा महिने पुरे होतील त्या दिवशी डोकं वाटोळं झालेलं असलं पाहिजे. दुसरं त्याला काही नको होतं.

कोरमंगलातल्या एका क्लिनिकमध्ये डोक्याचं माप झालं. प्रियदर्शनी नावाची एक तरुण, हसतमुख आणि अत्यंत कडक मुलगी तिथे हेल्मेट बसवायची. तिने गुंडूच्या डोक्यावर मोज्यासारखी घट्ट टोपी चढवली, चारी बाजूंनी कॅमेरा फिरवला आणि आकडा सांगितला: एका बाजूपेक्षा दुसरी चौदा मिलिमीटर कमी. ऑफिसच्या विम्याकडे रघुनंदनने रीतसर अर्ज पाठवला, तर उलट विचारणा आली की हेल्मेटचा दावा असल्यास वाहनाचा क्रमांक लिहावा. त्याने तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राच्या उत्तरात त्यांनी मुलाच्या लायसन्सची प्रत मागितली, तेव्हा त्याने नाद सोडला.

हेल्मेट आलं. आकाशी रंगाचं, त्यावर पांढरे ढग, कडेला एक पट्टा. प्रियदर्शनीने ते गुंडूला चढवलं आणि सगळं घर समोर उभं करून नियम सांगितला. तेवीस तास डोक्यावर, एक तास खाली. आंघोळ, पुसणं, हेल्मेट धुणं, सगळं त्या एका तासात. आणि तेवीस म्हणजे तेवीस, इथे स्वल्प अ‍ॅडजस्ट चालणार नाही. ज्या शहरात पंगतीच्या पानापासून घराच्या भिंतीपर्यंत सगळं स्वल्प अ‍ॅडजस्ट करून उभं आहे, त्या शहरातल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य ऐकून रघुनंदनचे वडील हयवदनराव सद्गदित झाले. ते एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. नियम ऐकला की त्यांना बरं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात घराला कळलं की हेल्मेट मुलापेक्षा मोठ्यांना जड असतं. गुंडूने दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी तो विसरून गेला. बाकीचे विसरू शकत नव्हते, कारण जग विसरू देत नव्हतं. रिक्षावाला आरशातून बघून विचारायचा, अपघात कधी झाला? देवळात एका बाईंनी ऑपरेशन कुणी केलं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नवस बोलून मोकळ्या झाल्या. आश्लेषा दर वेळी सगळं नीट समजावून सांगायची, पण तिच्या पुणेरी मराठीतलं इंग्रजी आणि समोरच्याची कानडी यांच्यामध्ये कुठेतरी ते मूल आणखीच आजारी होऊन निघायचं.

सगळ्यांत जास्त घायाळ झाले हयवदनराव. रोज साडेपाचला ते गुंडूला ढकलगाडीत घालून उद्यानात न्यायचे. तिथल्या बाकावर चार निवृत्त मंडळी बसत. पहिल्या दिवशी चौघांनी मिळून इतकं हळहळून पाहिलं की हयवदनरावांना ते सोसलं नाही आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ही बुद्धी वाढवायची परदेशी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तिघांनी आपापल्या नातवंडांसाठी क्लिनिकचा पत्ता मागितला. चौथ्याने स्वतःसाठी चालेल का विचारलं. त्या दिवसानंतर हयवदनराव उद्यानाच्या फाटकाशी आले की इकडेतिकडे बघून हेल्मेट काढायचे आणि पिशवीत घालायचे. फार नाही, तासभरच. एक तास खाली चालतं, असं ती मुलगी म्हणाली होतीच की.

आणि इथेच या कुटुंबाचा स्वभाव आडवा आला. या घरात कधी कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण विचारलं तर समोरच्याला नाही म्हणावं लागेल आणि ते वाईट दिसेल. म्हणून जो तो आपल्यापुरतं मनात ठरवतो. डब्यातली वडी याच पद्धतीने संपते. प्रत्येकाने एकच खाल्लेली असते. एक तास खाली हे वाक्य पाच जणांनी ऐकलं होतं. पाचही जणांनी तो तास आपला धरला.

हेल्मेट आल्यावर महिनाभराने एका शनिवारी हेल्मेटचा पट्टा निघून आला. क्लिनिक एक वाजता बंद व्हायचं. रघुनंदनने विचार केला, मुलाला घेऊन रिक्षा शोधण्यापेक्षा एकट्याने स्कूटरवर जावं, पट्टा बसवून आणावा, तासाच्या आत परत. बसवनगुडी ते कोरमंगला आणि परत, तासाभरात, शनिवारी. माणूस घाबरला की त्याला असले हिशेब सुचतात. त्याने गुंडूचं हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अडकवलं आणि निघाला. दुसऱ्या सिग्नलला पोलिसाने हात दाखवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की स्वतःचं हेल्मेट घरी राहिलं आहे.

पोलिसाने हुकाला लटकणारं ते ढगांचं हेल्मेट पाहिलं आणि विचारलं, आहे तर घालत का नाही? रघुनंदन म्हणाला, माझं नाही, मुलाचं आहे. मुलगा कुठे आहे? घरी. मग हेल्मेट इथे कशाला? दुरुस्तीला. मुलगा कुठली गाडी चालवतो? सात महिन्यांचा आहे, असं रघुनंदनने सांगितल्यावर पोलिसाने त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग हेल्मेट उलटं करून आत मानकाचा शिक्का शोधला आणि शिक्का नाही म्हणून मान हलवली. शेवटी रघुनंदनने मोबाइलवर गुंडूचा हेल्मेट घातलेला फोटो दाखवला. पोलीस बराच वेळ फोटो बघत राहिला, हसला, शेजारच्या पोलिसालाही बोलावून दाखवला, आणि मग शांतपणे दंडाची पावती फाडत म्हणाला, "मगूला, पोराला अक्कल आहे सार. तुम्हाला नाही."

पट्टा बसवून तो घरी पोचला तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती. या धांदलीत प्रियदर्शनीचं एक बोलणं त्याच्या कानावरून गेलं होतं. ती म्हणाली होती, दिवसातून एकदा उघडला तर हा पट्टा चार महिने टिकतो. हा एका महिन्यात गेला. पुढचे पंधरा दिवस आत शर्टाच्या गुंडीएवढं एक यंत्र ठेवते, डोक्याची ऊब लागते की नाही ते त्यात उमटतं. रघुनंदन घड्याळाकडे बघत हो हो म्हणाला होता.

पंधरा दिवसांनी सगळे तपासणीला गेले. सगळे म्हणजे पाचही, कारण भागुबाईशिवाय गुंडू मापाच्या त्या घट्ट टोपीला तयार होत नसे. प्रियदर्शनीने माप घेतलं आणि तिचा हसरा चेहरा जरा उतरला. सहा आठवड्यांत चौदाचे तेरा झाले होते. निदान नऊ-दहा व्हायला हवे होते. मग तिने ती गुंडी काढून संगणकाला लावली आणि समोरच्या पडद्यावर एक रेघ उमटली. रेघ सरळ जात होती आणि दिवसातून पाच ठिकाणी धाडकन खाली पडत होती. रोज, त्याच पाच वेळांना.

"सकाळी साडेसात," प्रियदर्शनीने वाचलं. "हा दीड तास आहे."

वसुमतीबाई म्हणाल्या, ही आंघोळ. दीड तास का, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, तेल. तेल लावायचं नाही, आतलं अस्तर मऊ पडतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं प्रियदर्शनी म्हणाली. दुसरा खड्डा अकराचा. भागुबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, पोराला घाम येतो, झोपेल तेवढा वेळ तरी वारा लागू दे म्हटलं. आश्लेषाने नवऱ्याकडे असं पाहिलं की, बघ, मी म्हणत नव्हते? तेवढ्यात प्रियदर्शनीने वाचलं, दुपारी अडीच.

अडीचला घरात कोण असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आश्लेषाचा चेहरा पडला. पुण्याला तिची आई रोज अडीचला व्हिडिओ कॉलवर नातवाला बघायची आणि आश्लेषाने तिला हेल्मेटचं सांगितलंच नव्हतं. "आईला टेन्शन येईल म्हणून," ती अगदी लहान आवाजात म्हणाली. साडेपाचचं नाव निघायच्या आत हयवदनराव उभे राहिले आणि कार्यालयात चौकशीला उभं राहावं तसं त्यांनी उद्यानाचं सगळं सांगून टाकलं, बुद्धी वाढवण्यासकट. मग सगळे मिळून शेवटच्या खड्ड्याकडे बघू लागले. रात्री साडेआठ, चाळीस मिनिटं. हा कुणाचा, ते कुणालाच कळेना.

साडेआठला रघुनंदन ऑफिसातून यायचा. हातपाय धुऊन मुलाला घेऊन गच्चीवर जायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजून आलेला माणूस तिथे हेल्मेट काढून मुलाच्या टाळूला नाक लावून बसायचा. त्या वासासाठी तो सिग्नलमागून सिग्नल सहन करत घरी येत असे. हे चारचौघांत, पडद्यावरच्या रेघेसमोर कसं सांगायचं? त्याने सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले. चुका शोधणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या घरच्या यादीत शेवटची चूक त्याचीच निघाली होती.

प्रियदर्शनीला हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. तिने विचारलं, पाळणा कुठे ठेवता? पाळण्याच्या डावीकडे भिंत होती आणि उजवीकडे दिवाणखाना. "म्हणजे तुम्ही सगळे उजवीकडून येता," ती म्हणाली. "हा दिवसभर तुमच्याकडे बघत पडून राहिला. म्हणून ही बाजू सपाट झाली. यात कुणाचीच चूक नाही. पण आता दहा आठवडे राहिलेत. असेच पाच-पाच तास काढणार असाल तर हेल्मेट इथेच ठेवून जा. फायदा नसताना मुलाला ते घालायला लावणं मला जमणार नाही."

घरी आल्यावर हयवदनरावांनी परिपत्रक काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. गुंडूच्या डोक्यासंबंधीच्या सर्व किरकोळ, अर्जित व वैद्यकीय रजा पुढील आदेशापर्यंत रद्द. सकाळी साडेसात ते साडेआठ आंघोळ. इतर वेळी हेल्मेट काढू इच्छिणाऱ्याने लेखी अर्ज करावा. अर्ज मंजूर होणार नाही. खाली सही आणि तारीख. स्वतःही ते त्याच संध्याकाळी हेल्मेटसकट उद्यानात गेले आणि बाकावरच्या चौघांना खरं काय ते सांगून आले. चौथ्या गृहस्थांची फार निराशा झाली.

आश्लेषाने मन घट्ट करून आईला फोन लावला. आई म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुझ्या सासऱ्यांनी फोटो पाठवला होता. तू सांगशील म्हणून थांबले होते. रघुनंदन गच्चीवर हेल्मेटला नाक लावून बसू लागला. त्याला स्पिरिटचा वास यायचा, पण तो बसायचा.

वसुमतीबाईंचं मात्र काही नीट झालं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी त्या न्हाणीघरात गेल्याच नाहीत. भागुबाईला म्हणाल्या, तू कर. स्टुलावरची मोहरीची उशीही दिसेनाशी झाली. रघुनंदन त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, अम्मा, नुसती आंघोळ घालायला कुठे मनाई आहे? त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "त्या रेघेत सगळ्यांत मोठा खड्डा माझाच होता की नाही? सतरा मुलं केली मी. डोक्याला हात लागला की माझ्याने थांबवत नाही रे. उगाच अर्धवट राहिलं त्याचं, तर माझ्या हाताने राहिलं असं व्हायला नको."

त्यांना पुष्कळ समजावलं. प्रियदर्शनी म्हणाली तसं पाळण्याचं सांगितलं, पाच खड्ड्यांचं सांगितलं. त्या कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हणायच्या आणि गुंडूच्या पायांना तेल लावायच्या. पायाला अजून यंत्र आलं नाही ना, असं एकदा म्हणाल्या. आश्लेषाला ते लागलं. पण गेलं वर्षभर दोघींनी एकमेकींशी न बोलण्याची इतकी उत्तम सवय लावून घेतली होती की आता बोलायचं कुठून, हेच तिला कळत नव्हतं. तिने पाळणा फिरवून उजवीकडे भिंत आणि डावीकडे दिवाणखाना केला, आणि सासूबाईंची खुर्ची बरोबर पाळण्याच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. वसुमतीबाई दिवसभर तिथे बसायच्या आणि गुंडू मान वळवून त्यांच्याकडे बघत राहायचा. हात मात्र त्या मांडीवर ठेवायच्या.

दहा आठवडे घराने तेवीस म्हणजे तेवीस तास पाळले. गुंडू या काळात रांगायला लागला, आणि हेल्मेटमुळे त्याचा स्वभाव भलताच शूर झाला. समोर कपाट असो, खांब असो, माणूस असो, तो थांबत नसे. डोकं खाली घालून जाई, ठाक असा आवाज होई, तो हसे आणि पुन्हा जाई. बाकीच्यांना वाटायचं, मूल पुढे पोलिसात जाईल.

दहा महिने पुरे झाले त्या दिवशी शेवटची तपासणी झाली. वसुमतीबाई आल्या नाहीत. देवापाशी बसते म्हणाल्या. प्रियदर्शनीने माप घेतलं, कागद छापून आश्लेषाच्या हातात दिला आणि हेल्मेट परत चढवलंच नाही. चौदाचे चार झाले होते. चार प्रत्येकाला असतात, ती म्हणाली; तुमच्या साहेबांचे मोजले तर जास्त भरतील. रघुनंदनला आयुष्यात इतका आनंद देणारा अपमान कधी झाला नव्हता. तो टॅक्सीत मुलाच्या टाळूला नाक लावून बसला आणि कोरमंगलापासून बसवनगुडीपर्यंत त्याने ते काढलं नाही.

घरी आल्यावर मोठा गलका झाला. मंजुनाथ अण्णा वरून बघून पास म्हणाले. हयवदनरावांनी फ्रिजवरचं परिपत्रक सन्मानाने उतरवलं. गुंडूला दिवाणखान्याच्या मधोमध सोडलं आणि सगळे गोल करून बघत राहिले. वसुमतीबाई लांब आपल्या खुर्चीवर बसून होत्या. मूल छान दिसतंय म्हणाल्या, पुढे आल्या नाहीत. आश्लेषाने हाक मारली, तर म्हणाल्या, "नको गं. बरं झालंय ते तसंच राहू दे."

गुंडूने आजीला पाहिलं. डोकं खाली घातलं आणि नेहमीच्या वेगाने निघाला. कुणाला काही सुचायच्या आत तो आजीच्या गुडघ्यावर जाऊन आदळला. या वेळी ठाक झालं नाही. गुंडू मागे बसला, आपलं डोकं दुखू शकतं ही गोष्ट त्याने बहुधा प्रथमच ऐकली, आणि त्याने असा टाहो फोडला की अण्णा पुन्हा गॅलरीत आले.

चारही माणसं धावली. पण वसुमतीबाईंचा हात आधी पोचला होता. त्यांनी त्याला मांडीवर ओढला आणि उजवा तळवा कपाळावरून मागे गेला, पुन्हा कपाळावर आला, पुन्हा मागे गेला. साती आसरा, दृष्ट लागली बाळाला, असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या. गुंडूचा आवाज हळूहळू उतरला. मग एकदम त्यांना भान आलं आणि त्यांनी हात उचलला.

"राहू द्या, आई," आश्लेषा म्हणाली.

वसुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हात परत डोक्यावर ठेवला. या खेपेला सावकाश, डोळे मिटून. अंगठा मागे उजवीकडे गेला, तिथे थांबला, जरा मागेपुढे झाला.

"इथे राहिलंय गं थोडं," त्या म्हणाल्या. "फार नाही. एकावर एक दोन तांदूळ ठेवले तर होईल एवढं."

आश्लेषाच्या हातात अजून तो घडी घातलेला कागद होता. त्यावरचा चार मिलिमीटरचा आकडा वसुमतीबाईंना कुणी सांगितलेला नव्हता. गलक्यात राहूनच गेलं होतं. तिने कागद उघडला नाही. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, सासूबाईंचा अंगठा जिथे होता तिथे आपलंही बोट लावून पाहिलं, आणि तिला तिथे काहीसुद्धा लागलं नाही.

"मला नाही कळत," ती म्हणाली. "तेवढं तुम्ही करा, आई. उद्यापासून."

वसुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले. मग भागुबाईला म्हणाल्या, न्हाणीघरातला पाट घासून ठेव, आणि रघूला सांग, तेल संपलंय.